गुरुवारी चार वाजताची गाडी

बिनपगारी माणसं एका खोलीत जमली की काम थोडं होतं आणि किस्से ढीगभर साचतात. आमचा तर रेडिओ आहे. इंटरनेटवरचा, सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला. दुकान श्रीनूचं. सकाळी मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि दुपारी इथे येऊन यांचं पिते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

तीन वर्षं झाली, रेडिओला अजून नाव नाही. नावाच्या मीटिंगा भरपूर झाल्या. प्रत्येक मीटिंगला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते, त्यामुळे निर्णय लवकर व्हावा असं कुणालाच वाटत नाही. तोवर आम्ही नुसतं 'हा आपला रेडिओ आहे' असं म्हणतो.

दर रविवारी संध्याकाळी 'येत्या आठवड्यात' ही यादी मी वाचते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाचा कार्यक्रम, ते सगळं माझ्या हातात. त्यामुळे शनिवारी सगळे माझ्याशी फार गोड वागतात.

*

खोली श्रीनूनं आम्हाला वापरायला दिली आहे, पण आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लावलेल्या चादरी दुकानाच्या आहेत. हे आम्ही विसरलो होतो. श्रीनू विसरला नव्हता.

बुधवारी सबाचा दखनी गाण्यांचा कार्यक्रम असतो. सबा शाळेत गणित शिकवते, आवाज अगदी मऊ. एकदा ती ऐन रंगात बोलत होती आणि श्रीनू गिऱ्हाईक घेऊन आत आला. गिऱ्हाइकाला बाहेरची एकही चादर पसंत पडेना. त्यानं भिंतीकडे बोट केलं. श्रीनूनं माईकच्या डोक्यावरून हात घालून चादर उतरवली आणि म्हणाला, "धुवून बघा. रंग गेला तर मला येऊन शिव्या द्या."

हे सगळं थेट प्रसारित झालं. त्यानंतर सबाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. कार्यक्रम संपल्यावर ती श्रीनूला म्हणाली, "मेरी दीवारच बेच दिया तू."

त्या दिवशी श्रोत्यांचा एकच मेसेज आला. तसलीच चादर डबल बेडची आहे का?

*

शनिवारी बार्शीहून एक दातांचे डॉक्टर येतात. त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांचा मोठा साठा आहे म्हणे. म्हणे, कारण आम्ही तो ऐकलेला नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी पुढच्या शनिवारी काय लावणार ते सांगितलं. तबकडी कुठे सापडली, कुणाकडून मागून घेतली, देताना तो माणूस कसा रडवेला झाला. तास संपला. पुढच्या शनिवारी त्याच्या पुढच्या शनिवारची माहिती दिली.

दोन महिन्यांनी माझं डोकं फिरलं. मी यादीत सरळ वाचलं, "शनिवारी सहा वाजता डॉक्टर पुढच्या शनिवारबद्दल बोलतील." मला वाटलं, आता चिडतील.

त्यांचा फोन आला. "मीनाताई, इतकं नेमकं आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त श्रोते यांनाच. समोर स्क्रीनच्या कोपऱ्यात श्रोत्यांचा आकडा दिसतो. डॉक्टर कधी पंचवीसच्या खाली आलेले नाहीत. लोकांचं काय ते मला कळत नाही.

*

उलट चन्नप्पाअण्णा. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. गुरुवारी चार ते पाच त्यांचा कार्यक्रम. निम्मी गाणी मराठी, निम्मी कानडी, सगळी एसटी स्टँडसमोरच्या टपऱ्यांवर विकत घेतलेल्या कॅसेटवरची. घरून येताना पितळी घंटा आणतात. गाणं सुरू करताना टिंग टिंग, थांबवताना टिंग. मध्ये सांगतात, "हे गाणं मी वैरागच्या स्टँडवर ऐकलं. गाडी पंक्चर होती, म्हणून पूर्ण ऐकायला गावलं."

मला विचाराल तर आमच्याकडचा सगळ्यात चांगला कार्यक्रम तोच. आणि आकडा कायम एक.

तो एक म्हणजे अण्णांची बायको, असं आम्ही धरून चाललो होतो. एकदा सबानं त्यांना तसं म्हटलं. अण्णा म्हणाले, "ती? चाळीस वर्सं ऐकतीया. मी हिकडं आलो की ती घरात पंखा लावून झोपती."

एकदा कॅसेट उलटताना ते मला म्हणाले, "ताई, रेडिओचं बाकी सगळं बरं हाय. निसतं गाडी भरली का रिकामी, त्ये कळत न्हाय." हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

*

मग ती मीटिंग झाली. नवीन लोकांना वेळ हवी होती आणि यादीत जागा नव्हती. कुणाला काढायचं यावर दोन तास गेले, भाकरी संपली. शेवटी अण्णाच उठले. "डेपोत एक नियम हुता. गाडीला पाच पॅसेंजर बी मिळंनात, तर ती फेरी बंद. तीन आठवडे बघायचं आणि काढायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. आपण कुणाची फेरी बंद केली ते घरी जाताना लक्षात आलं.

तीन गुरुवार मी स्क्रीनकडे बघत बसले. एक. एक. एक. आकडा वाढावा म्हणून मी माझा मोबाईल लावायला काढला, तर अण्णांनी माईकमागून बोट हलवून नाही म्हटलं. चाळीस वर्षं फुकटे पॅसेंजर पकडलेला माणूस तो.

रविवारी मी यादी वाचली. गुरुवार, चार वाजता, नवीन माणूस तयार होईपर्यंत डॉक्टरांच्या कार्यक्रमाचं पुनःप्रसारण. वाचताना माझा आवाज नीट लागला नाही. अण्णा समोरच बसले होते. "बरोबर वाचलं की," म्हणाले आणि घंटा रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

*

त्या गुरुवारी अण्णा आलेच. चार वाजले की पाय इकडंच वळतात म्हणाले. श्रीनूनं त्यांना चादरींच्या घड्या घालायला बसवलं. आत डॉक्टर पुढच्या शनिवारबद्दल सांगत होते.

साडेचारला दुकानात बाया शिरल्या. पहिल्या चार आल्या तेव्हा श्रीनूनं खुशीत चादरी काढल्या. मग आणखी दहा आल्या. मग दुकान भरलं आणि उरलेल्या पायरीवर उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या बोटांना तंबाखूचा वास. विड्या वळणाऱ्या बाया होत्या.

सगळ्यात पुढे एक म्हातारी होती, नरसम्मा. तिनं श्रीनूला विचारलं, "रेडिओवर दर तासाला ह्याच दुकानाचा पत्ता सांगताव न्हवं? आमचा कंडक्टर कुटं हाय?"

श्रीनूनं माझ्याकडे बोट केलं. मी पुढे झाले. म्हटलं, "मावशी, तो कार्यक्रम बंद केला. एकच जण ऐकत होतं."

"एकच कसं? गल्लीत आमी चाळीसजणी सुपं मांडीवर घेऊन बसतो. मोबाईल माझ्या सुनंचा हाय. पातेल्यात ठेवला की समद्यास्नी ऐकू जातंय." मग तिनं आतल्या खोलीकडे मान उडवली. "डबल बेल झाली की हात चालत्यात, सिंगल बेल झाली की च्या. आज त्यो कोण बाबा बोलाय लागलाय, पुढच्या शनवारी लावतो म्हणून. आमचे हात आडून बसलेत."

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. मागे वळले, तर अण्णा उठून उभे होते. एका हातात अर्धी घडी केलेली चादर तशीच. मागून आणखी बाया आत यायला बघत होत्या आणि दारातच रेटारेटी चालली होती.

अण्णांनी चादर खाली ठेवली, पिशवीतनं घंटा काढली आणि घसा साफ केला.

"पुढं सरका की. आत लई जागा हाय."