मामूंचे कान

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. मामेबहिणीला, नसीमला तर नाहीच — आणि हे सगळं तिच्याच वडिलांबद्दल आहे. मशिदीत शेजारी बसणाऱ्याला सांगून टाकावं, असं कितीदा वाटलं. पण नमाज संपली की मी खाली मान घालून चपला शोधायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही म्हणाला असता — सलीमभाऊ, तुमच्यासारखा भाचा सगळ्यांना मिळत नाही. हे वाक्य ऐकलं की मी विषय बदलतो.

वडशात माझं नगिन्यांचं दुकान आहे. अंगठीचे खडे, ताईत, मोती. पण नाव झालं ते जेडमुळे, त्या हिरव्या दगडामुळे. आमच्या घरात त्याला यशब म्हणायचे. छातीशी बांधला तर काळजाची धडधड शांत होते, असं जुनी माणसं मानत. आता धडधडीसाठी कोण घेतं? आता लोक सोन्यासारखं घेऊन ठेवतात. टॉर्च लावून दगडाच्या पोटात बघतात आणि विचारतात, भाव चढेल ना? मी बघतो, मान डोलावतो, सांगतो. माझ्या मान डोलावण्यावर लोक विश्वास ठेवतात. विचित्रच आहे, नाही?

ही मान डोलवायला मला बशीरमामूंनी शिकवलं. माझ्या आईचे धाकटे भाऊ. अब्बा गेल्यावर त्यांनीच मला दुकानात बसवलं. दगड गालाला लावून त्याचा थंडपणा कसा ओळखायचा, तळहातावर त्याचं वजन कसं जोखायचं, हे सगळं त्यांचं. पण त्यांचा खरा भरवसा कानांवर. जेडचं कडं दोऱ्याला टांगायचं आणि नाण्याने हलकेच ठोकायचं. अस्सल असेल तर घंटीसारखा सूर निघतो, थोडा रेंगाळतो. तेजाबात धुतलेला, भेगांत प्लास्टिक भरून हिरवा रंगवलेला माल असेल तर नुसतं — ठक.

त्यांचे कान असे तयार होते, कारण ते तबलजी होते. हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीची रात्रभराची नाटकं सुरू झाली की दुकान माझ्यावर टाकून मामू कंपनीबरोबर गावोगाव जायचे. परत आले की डोळे तांबारलेले, आवाज बसलेला, आणि चेहरा असा की जणू हजहून आलेत. बाकी वर्षभर ते दगड विकत. जगत ते हिवाळ्यात.

आरमोरीचे वसंतभाऊ, राइस मिलवाले, माझे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्यांच्या कपाटात जेडच्या वाट्या, पदकं, एक कोरलेला प्याला — बहुतेक मीच आणून दिलेलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी मला एक कडं आणायला सांगितलं, असं की व्याह्यांनी बघत राहावं. मी नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून ते घेतलं. काय रंग होता! पावसानंतर धानाच्या बांधीत दिसतो तसा हिरवा. मी टॉर्च लावली, भिंग लावलं. दोरा मात्र लावला नाही. का नाही लावला? — कारण ते अस्सल असावं, असं मला फार वाटत होतं. एवढंच कारण.

कडं द्यायला गेलो तेव्हा मामू सोबत होते. बैठकीत वसंतभाऊंचे व्याही होते, नागपूरहून आलेला एक साडू होता. त्यालाही जेडमध्ये पैसा घालायचा होता. चहा आला. कडं हातोहात फिरलं. वसंतभाऊ कौतुकाने म्हणाले, "मामू, तुमीबी पाहून द्या एकदा."

मामूंनी खिशातून दोरा काढला. कडं टांगलं. नाण्याने ठोकलं.

ठक.

त्यांनी पुन्हा ठोकलं. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू म्हणाले, "सलीम, हे वाजून नाई राह्यलं, बेटा. भरलेला माल हाय."

त्यात दोष नव्हता. फसवलं कुणी तर मला फसवलं, असंच त्यांच्या मनात होतं. मी तिथेच म्हणू शकत होतो — चुकलो भाऊ, परत नेतो. वसंतभाऊंनी चहा दुसऱ्यांदा मागवला असता आणि विषय संपला असता. हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं.

मी हसलो. मामूंच्या खांद्यावर हात ठेवला — तो हात मला अजून आठवतो, केवढा प्रेमळ दिसला असेल — आणि म्हणालो, "भाऊ, मनावर नका घेऊ. मामूंले आजकाल ऐकू कमी येऊन राह्यलं. घरी टीव्ही केवढा मोठा लावते, विचारा नसीमले."

टीव्हीचं खोटं होतं. सगळंच खोटं होतं. तो ठक मला ऐकू आला होता. दोन्ही वेळा. स्वच्छ.

वसंतभाऊंनी स्वतः ठोकून पाहिलं. त्यांना काय कळणार? "मले तं बराबर वाटते," ते म्हणाले आणि मामूंच्या कानाशी वाकून ओरडले, "चहा घ्या मामू, थंडा होऊन राह्यला!" सगळे हसले. मामूंनी कप उचलला.

मला वाटलं, ते वाटेत माझी खरडपट्टी काढतील. मोटरसायकलवर मागे बसले होते. गाव मागे पडलं. मग म्हणाले, "गाडीचा आवाज तं येते मले."

म्हणजे — ते स्वतःला तपासत होते. कळलं का तुम्हाला? मी खोटं बोललो असेन, हे त्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "मोठे आवाज येतेतच, मामू. बारीक आवाज आधी जाते."

पुढचं सगळं आपोआप झालं, असं म्हणायचा मोह होतो. आपोआप नाही झालं. वसंतभाऊ झाडीपट्टीच्या कंपनीला मदत करायचे. मामूंच्या कानांचं त्यांनी सहज म्हणून सांगितलं असणार. हिवाळा तोंडावर आला आणि कंपनीचे मालक घरी आले. पेढे आणले होते. मामूंच्या कानाशी ओरडून म्हणाले, "यंदा आराम करा, भाऊ!" तबल्याला दुसरा माणूस ठरला होता. मामूंनी पेढा हातात धरून ठेवला. मी बाजूलाच होतो. मी पेढा खाल्ला.

मग गल्ली ओरडायला लागली. दूधवाला, इमाम, नातवंडं. ज्यांना पलीकडच्या घरातली भांडी वाजलेली कळायची, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळे ओरडायचे. नसीम म्हणाली, नागपूरला कानाच्या डॉक्टरला दाखवू या. मी म्हणालो, कशाला त्यांना हैराण करतेस, वय झालं आता. डॉक्टरने तपासलं असतं तर? — म्हणून मी स्वतःच नागपूरहून ऐकण्याचं मशीन आणलं. महागातलं. सगळ्यांसमोर मामूंच्या कानात बसवलं. माझं कौतुक तिथूनच सुरू झालं.

मशीन लावलं की मामूंचं डोकं दुखायचं. दुखणारच. चांगल्या कानात कुणी भोंगा लावला तर काय होईल? ते कपाळाला रुमाल बांधून बसत, पण मशीन काढत नसत. भाच्याने एवढं हौसेने आणलं.

त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेलं दुसरं एक कडं माझ्याकडे होतं. एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी सुई तापवली आणि त्याच्या भेगेला लावली. जळक्या प्लास्टिकचा वास आला. गरज काय होती? पहिल्याचा ठक ऐकला तर होताच. तरी केलं. आणि ते कडं मी नंतर विकलं.

एकदा मामूंनी मला जवळ बोलावलं. मशीन काढून मांडीवर ठेवलं होतं. म्हणाले, "खरं सांग, सलीम. वसंतभाऊच्या घरी तुले त्या कड्याचा आवाज कसा आला होता?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. ना वसंतभाऊ, ना व्याही, ना ज्याच्यासमोर माझं नाव जाईल असं कुणी. पहिलं खोटं घाबरून बोललो, असं एखादा म्हणेल. हे?

"खणखणीत, मामू," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, बहिऱ्याशी बोलतात तसं.

त्यांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा कानात घातलं. त्या दिवसानंतर त्यांनी तबल्याला हात लावला नाही. दगडालाही नाही. कुणी काही दाखवायला आणलं तर माझ्याकडे बोट करत.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटी सगळे खाटेभोवती होतो. मशीन कानात तसंच होतं. मरणाऱ्याच्या कानाशी कलमा म्हणतात — हळू, नुसता पुटपुटल्यासारखा. नसीम ओरडून म्हणत होती, कारण तिला वाटत होतं की तिच्या बापाला ऐकू येत नाही. इमामही ओरडत होते. प्रत्येक शब्दाला मामूंच्या पापण्या गच्च मिटत होत्या. नसीमला वाटलं, त्रास दुखण्याचा आहे.

मला कळत होतं कसला आहे. हळू म्हणा, एवढे दोन शब्द मला पुरले असते.

नसीमचा आवाज रडून बसला तेव्हा ती बाजूला झाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो, वाकलो, मामूंच्या कानाला तोंड लावलं, आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो.