समोर काय दिसतंय?

शिनोलीच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला. अण्णा मात्र हसत म्हणाले, "घरात तुजं त्वांड लई चालतं. तितं बी चालव. लाजू नको."

अण्णांच्या ओळखीच्या मंचरच्या एका शेठजींच्या मेहुण्यांची सुरतेला ट्रान्सपोर्ट कंपनी होती. तिथे ड्रायव्हरांशी फोनवर बोलायला मुलगी हवी होती, म्हणून मी निघाले होते.

पोरगी ऑफिसात पंख्याखाली बसते, असं गावात सगळ्यांना वाटायचं. पहिला महिना मी रडकुंडीला आले होते. माझं हिंदी टीव्हीच्या मालिकांमधलं. "आप कहाँ तक पधारे हैं?" असं मी विचारलं की ड्रायव्हर खो खो हसायचे. गाडी कुठेही असो, उत्तर एकच : "बस, पहुँच गया." मालकांनी तर मला परत पाठवायची भाषा सुरू केली होती.

मला शिकवलं कमळाबेननी. ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या त्याच. म्हणाल्या, "'कहाँ हो' पूछेगी तो झूठ बोलेगा. 'सामने क्या दिखता है' पूछ."

एका दुपारी नारायणगावच्या टोमॅटोची गाडी येईना. लिलाव तोंडावर आला. तेवढ्यात ड्रायव्हरचा एसटीडी बूथवरून फोन आला. डिंभ्याचा पांडुरंग, गुजरातेत पहिल्यांदाच आलेला.

"पाट्या वाचता येईनात, माणसांचं बोलणं कळंना. गाडी हितंच सोडून मी घरला चाललो!"

मी रिसीव्हर कमळाबेनपुढे धरला. त्यांनी तो माझ्याकडेच ढकलला. "तू बोल."

मी हिंदी सोडून दिलं. "पांडुरंगभाऊ, मी शिनोलीची. घाबरू नका राव. समोर काय दिसतंय?"

"शिनोलीची?" त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, "धाब्याच्या गच्चीवर पत्र्याचं इमान हाये."

धाब्यावर पत्र्याचं विमान आहे, असं मी सांगताच कमळाबेन हसल्या. "अरे, वो तो अपने नाके पे है!"

लिलावाआधी गाडी लागली. माल उतरवून पांडुरंग ऑफिसात आला आणि म्हणाला, "ताई, डिंभ्याहून शिनोली हाकेवर, आन् भेट सुरतेत!"

आता नव्या मुलींना मी शिकवते. गेल्या दिवाळीनंतर आई इकडे आली, ऑफिसातही येऊन बसली. मी चहा आणायला गेले, तर परत येईतो फोन तिच्या कानाला : "आदी भाकर खा, मंग गाडी हाक!" पलीकडचा राजस्थानी ड्रायव्हर आपला "जी माताजी, जी माताजी" करत होता.

जाताना तिने मसाल्याचा डबा माझ्या ओट्यावर ठेवला. "ऱ्हाऊ दे हितं. पुढल्या खेपंला लागंल मला."

तेव्हापासून सुट्टी मागताना मी 'घरी जायचंय' म्हणत नाही. 'शिनोलीला जायचंय' म्हणते.