पंचवीस प्रती

हात वर करायला मीच सांगितलं, तिथंच चुकलं.

नव्वदनंतरची गोष्ट. सांगलीत आमच्या कॉलेजात एका रविवारी सातारा-सांगलीकडचे संशोधन करणारे प्राध्यापक जमले होते. आपले शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून येतात आणि ती नियतकालिकं आपल्याच ग्रंथालयांना परवडत नाहीत. तेव्हा विद्यापीठानं प्रत्येक निबंधाची एक प्रत सगळ्यांना वाचायला खुली ठेवावी, असा अर्ज करायचा होता. पुढारी अर्थातच मी. भाषण रंगलं आणि मी गरजलो, "ज्यांनी निबंध मागितला आणि मिळाला नाही, त्यांनी हात वर करा!"

बरेच हात वर झाले. मागच्या बाकावर मलकापूरचा एक तरुण संशोधक होता. त्याला मी जोशात विचारलं, "बोला, कोण तो कद्रू?"

"आवं सर, तुमीच की."

हशा झाला. मीही हसलो.

हळदीच्या पानांवर पडणाऱ्या करपा रोगावरचा माझा एक निबंध परदेशात छापून आला होता. छापणाऱ्यांनी पंचवीस सुट्या प्रती पाठवल्या होत्या. तेव्हाची रीत अशी, की ज्याला निबंध हवा त्यानं लेखकाला कार्ड टाकायचं आणि लेखकानं प्रत पाठवायची. जर्मनीचं कार्ड आलं, त्याच दिवशी मी पोस्टात. जपानला पाठवली. ब्राझीलच्या एका केळीवाल्यालाही पाठवली. एक सासऱ्यांना दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तर दिली. मलकापूरचं साधं पोस्टकार्ड मात्र 'हा काय, आपल्यातलाच' म्हणून ड्रॉवरमध्ये सारलं.

"कार्ड पोचलं नसंल, गड्या," माझा एक सहकारी मदतीला धावला.

"पोस्टाचा घोळ, दुसरं काय!" मी लगेच उचलून धरलं.

"दोन पोस्टानं टाकली, सर. तिसरं तुमच्या हातात दिलं. तुमी त्याच्यावर चहाचा कप ठेवला."

आता कुणी हसलं नाही.

"उद्याच देतो की प्रत," मी म्हणालो.

"आता नको. मिळाली. परीक्षकानं माझ्या प्रबंधाला जोडून पाठवली. मी तीन वर्षं जे करत हुतो, ते तुमी आधीच करून छापलं हुतं. नवं काई न्हाई म्हणून प्रबंध परत आला. त्याच्यावर नोकरी पक्की व्हायची हुती, ती बी गेली. पहिलं कार्ड टाकलं तवा कामाला नुसता हात घातला हुता. वाचाय मिळालं असतं तर दुसरा विषय धरला असता."

तो पुढं आला, अर्जावर सही केली आणि एस.टी. धरायला निघून गेला.

घरी बायकोला सगळं सांगितलं, चहाचा कप तेवढा वगळून. तिनं विचारलं, "त्यानं सही केली?"

"केली."

"आणि तुमची कुठं आहे?"

"सगळ्यात वर."

"ती खोडा. बाकीच्यांचा अर्ज तरी खरा राहू दे."