विलासचा भुताचा ट्रेलर

विलास काल गेला. आमच्या भुताच्या पिक्चरमधली आता मी एकटीच उरले.

मधू कोरोनात गेला. विलासचे वडील, अण्णा, तर कधीच गेले.

म्हणून आज लिहितेय. नाहीतर हे सगळं खरंच घडलं होतं, असं मलाही वाटेनासं होईल.

विलास, मधू आणि मी नाशिकला कॉलेजात एस.वाय.ला होतो. ऐंशी-एक्याऐंशीचा काळ. मधूच्या मामाने गल्फहून छोटा फिल्मचा कॅमेरा आणला होता. सोबत एकच रोल. तीन मिनिटांचा.

"तीन मिनिटांत कुठे पिक्चर होतो?" मधू म्हणाला.

विलास म्हणाला, "पिक्चर कोण करतंय? आपण ट्रेलर करू. पिक्चर लोकांनी आपापल्या डोक्यात बघायचा."

हॉरर करायचा, हे त्याचं ठरलेलंच होतं. नाव, 'रिकामं क्वार्टर'. गॅदरिंगला दाखवायचा.

भूत मी. कारण काय, तर माझे केस कमरेपर्यंत होते. ॲक्टिंग येते का, हे कुणी विचारलंच नाही.

मग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आमचं प्रॉडक्शन सुरू झालं.

विलास जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक शॉट काढायचा. मधू रोल न घालताच कॅमेरा फिरवून प्रॅक्टिस करायचा. मी बीट किसून रक्त तयार केलं, तर आईने त्यात दही घालून कोशिंबीर करून टाकली.

विलास रेडिओवरच्या जाहिरातीसारखा आवाज काढायचा, "ती परत आलीय... पण कुणासाठी?"

शेजारच्या टेबलावरची पोरं हसायची. तो नाही हसायचा.

विलास इगतपुरीहून रोज रेल्वेने यायचा. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. आई तो शाळेत असताना आजारपणात गेलेली. घरात दोघंच, त्यात अण्णांच्या ड्युट्या. बऱ्याचदा कुलूप तोच उघडायचा, स्टोव्हही तोच पेटवायचा.

हे आम्हाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

श्रावणात रंगीत तालमीसाठी आम्ही इगतपुरीला गेलो. घरी मी प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगितलं होतं.

तिथे ढग थेट घरात शिरतात. भर दुपारी समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. मधू तर खूश! "धूर विकत आणायला नको."

विलासने एक साडी आणून माझ्या हातात दिली. निळी, बारीक फुलांची.

"भुताला पांढरी लागते रे," मधू म्हणाला.

"हीच नेस," विलास म्हणाला.

नेसले. केस सोडले. शॉट असा होता, भूत स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरं उभं असतं आणि हळूच चालत आत जातं. बस. ना किंकाळी, ना रक्त.

मी उभी राहिले. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. अण्णा ड्युटीवरून लवकर आले होते.

मी मागे वळून पाहिलं.

अण्णा उंबऱ्यातच उभे होते. हातात गुंडाळलेले झेंडे, रेनकोटवरून पाणी गळतंय. माझ्याकडे नाही, साडीकडे बघत होते.

मला वाटलं, आता ओरडतील.

ते म्हणाले, "थांब पोरी. जरा तशीच थांब."

मी थांबले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "झालं. बदल आता. चहा टाकतो, गारठा लय हाय."

चहा पिऊन मी साडीची घडी घातली आणि विलासच्या हातात दिली.

परत निघताना विलास स्टेशनवर सोडायला आला. मधू जरा चिडूनच म्हणाला, "आईची साडी कशाला दिलीस तिला?"

विलास रुळांकडे बघत म्हणाला, "आईचा फोटो आहे घरात. पण ती चालायची कशी, ते आठवतच नाही. म्हटलं, बघू काही आठवतंय का."

"आठवलं?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

ट्रेलर झाला नाही. पुढच्या आठवड्यात विलासने मधूकडून कॅमेरा मागून नेला आणि सगळा रोल अण्णांवर संपवला. मधू महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. गॅदरिंगला आमच्या जागी कुणीतरी कोळीगीत केलं.

रोल मुंबईहून धुऊन आला, तेव्हा मधूच्या घरी, मागून आणलेल्या प्रोजेक्टरने भिंतीवर पाहिला. अण्णाही आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून.

आधी नुसतं पांढरं. मग त्या धुक्यातून एक माणूस रुळाच्या कडेने चालत येतो. मोठा मोठा होत जातो. कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतो. आवाज नाही. आणि निघून जातो.

अण्णा म्हणाले, "मी एवढा वाकून चालतो व्हय रे?"

आम्ही सगळे हसलो. विलास हसला नाही. त्याने रोल पुन्हा लावायला सांगितला.

पुढे तोही रेल्वेतच लागला. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावरही इगतपुरी सोडली नाही. दिवाळीला फोन यायचा. "काय भूतबाई, बरी आहेस ना?"

काल शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाले. मी लगेच निघाले. स्मशानात मोजकीच माणसं होती. एका बाईने हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

बहीण नाही, बायको नाही. मैत्रीण म्हणावं, तर या वयात लोक कसे बघतात ते माहीत आहे.

मी म्हटलं, "मी त्याच्या पिक्चरमध्ये होते."

"पिक्चर? कोणता?"

मी सांगायला गेले. पण ही गोष्ट आजवर कायम विलासनेच सांगितली होती. मी नुसती शेजारी बसून "हो ना" म्हणायचे.

सुरुवात कुठून करायची, तेच मला कळेना.

जा विलास, सुखाने जा.
तुझ्या हिरोइनचा तुला शेवटचा नमस्कार.