एक बटन, काम खतम

शेवटचं बटण दाबताना तो हात खांद्याच्या वर न्यायचा, तबलजी नेतात तसा. मग टक्कन बोट आपटायचा, खुर्ची मागे ढकलायचा आणि कोणी पाहिलं का म्हणून चौफेर नजर फिरवायचा. "एक बटन, काम खतम!" पाहणारी बहुतेक वेळा मीच असायची आणि मला त्याचं तोंडही बघवत नसे.

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. काम करण्यापेक्षा काम कसं करावं, हे सांगण्यातच ज्याचा दिवस जातो. आमच्या गळ्यात तो आयता पडला. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमच्या शेठचं लग्नपत्रिकांचं दुकान आणि शेजारीच त्यांच्या धाकट्या भावाचं फ्लेक्सचं. भावाला धंदा झेपेना, तेव्हा शेठनी मधली भिंत पाडून दोन दुकानांचं एक केलं. इकडून मी आले, तिकडून तो. मी पत्रिकांचा मजकूर टाइप करायची आणि छापण्याआधी वाचायची. तो डिझायनर. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांना गोरं करून करून त्याला आपण मोठे आर्टिस्ट आहोत असं वाटायला लागलं होतं.

दोन दुकानं एक झाली की माणसं कमी करतात, एवढं मला कळत होतं. शेठ काही बोलले नव्हते. पण माझं घर त्या पगारावर चाललेलं, त्यामुळे शेठ नुसते माझ्या खुर्चीकडे बघत उभे राहिले तरी मी टाइप करायचा वेग वाढवायची.

आल्या आल्या त्याने माझा की-बोर्ड दोन बोटांनी उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. अक्षरं पुसली होती त्याची. मला काही बघायची गरज नव्हती, बोटांना सगळं पाठ होतं.

"ताई, ह्याच्यावर काम करता? हे तर फेकून द्या यार!"

"तुला काय करायचंय?"

त्याला बरंच काही करायचं होतं. त्याने शेठना पटवलं की आता एक प्रोग्रामेबल की-बोर्ड घ्यायचा. म्हणजे आपल्याला हवं ते बटणात भरून ठेवायचं, दाबलं की हजर. डिझाइनचं काम झटपट. आणखी कशासाठी हवा होता, ते त्याने शेठना सांगितलं नाही. मला माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत हा बाप्या डबा अर्धा टाकून कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळायचा. खेळतानाचं त्याचं तोंड तुम्ही पाहायला हवं होतं. देशाची सीमा जणू ह्याच्या बोटावर.

मग सुरू झाली निवड. मुलगी देताना लोक एवढी चौकशी करत नाहीत. दिवसभर मोबाइलवरच्या व्हिडिओत कोणीतरी की-बोर्डची पूजा मांडून बसलेला आणि हा त्याच्यासमोर मान डोलावत. लाल बटण हलकं, गेमिंगला चांगलं. निळं टकटक वाजतं. तपकिरी दोन्हीच्या मधलं. समोर आलेल्या गिऱ्हाइकालाही तो सोडत नसे. मोबाइल त्याच्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "काकाजी, डोळे मिटा. आता हा आवाज ऐका. कसा वाटून राहिला?" काकाजी बिचारे नातवाच्या बारशाचं कार्ड घ्यायला आलेले.

"वायर नाही, असा घे की," शेठ एकदा म्हणाले. "टेबल साफ राहील."

"नाही शेठ, वायरलेसमध्ये गोळी उशिरा लागते."

"कसली गोळी?"

"म्हणजे... कमांड, शेठ. कमांड."

मी खाली मान घालून हसले. पहिला आणला तो निळ्या बटणांचा. आमच्या मागच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूम खडखडत असतात, त्यात ह्याची टकटक. शेठनी दुपारपर्यंत सोसलं. मग म्हणाले, "बाहेर लूम, आत पण लूम? वापस कर." पुन्हा निवड सुरू. नंबर पॅड हवा की नको यावर तर आमची जुंपलीच. त्याच्या मते नंबर पॅड फालतू, माउसला जागा अडते. "आणि पत्रिकेवरचे फोन नंबर कोण टाकणार?" मी विचारलं, "तुझा मामा?"

शेवटी आला. नंबर पॅडसकट. "तुमच्यासाठी घेतला हां ताई, जागा गेली माझी," असं चारचौघांत सुनावून उपकारही करून घेतले. डाव्या हाताला जास्तीच्या बटणांची एक रांग होती आणि खालून दिवे. त्या रांगेत त्याने तीन कामं भरली. लाल दिवा असला की लग्न. पहिल्या बटणाला 'श्री.', दुसऱ्याला 'सौ.', तिसऱ्याला 'चि.', चौथ्याला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. पांढरा दिवा असला की शोकपत्र. मग त्याच पहिल्या बटणाला 'कै.' आणि दुसऱ्याला 'गं. भा.'. निळा दिवा खेळाचा, तिथे काय भरलं होतं ते त्यालाच ठाऊक. कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की लालाचा पांढरा, पांढऱ्याचा निळा, निळ्याचा परत लाल. डोकं होतं मेल्याला, हे कबूल करायला हवं.

शेठ हरखले. "ताई, आता बटनातूनच बरोबर निघतं. तुम्हाला वाचायची तकलीफ नाही. गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवू, त्यांनी हो म्हटलं की छापू." मला पुढच्या काउंटरवर बसवलं, कार्डांचे नमुने दाखवायला. सीझन संपला की बघू, असंही म्हणाले. ह्या 'बघू'चा अर्थ मी बुऱ्हाणपुरात जन्म काढल्यामुळे मला नीट कळतो. आणि तो तिकडे हात उंच नेऊन, "एक बटन, काम खतम!" त्या वेळी तो हात मोडावा असं मला वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण शहाण्याची एक अडचण झाली. निळा दिवा लागला की शेठना गल्ल्यावरून दिसायचा. "निळा झाला रे!" ते ओरडायचे. ह्यावर दुसरा माणूस खेळ कमी करता. ह्याने दिवेच बंद करून टाकले. तिन्ही रंगांचे.

"आता तुला कसं कळणार कुठलं काय चालू आहे?" मी विचारलं.

"बोटाला कळतं, ताई."

एका दुपारी तो खेळत होता आणि शेठ अचानक मागच्या दाराने आले. ह्याने घाईघाईत कोपऱ्यातलं बटण दाबलं. एकदा दाबायचं ते दोनदा दाबलं आणि लग्नाऐवजी शोकावर जाऊन बसला. खेळ झाकून समोर जी पत्रिका उघडली ती धूलकोटच्या एका केळीवाल्या घरची, नातीच्या लग्नाची. वरती निमंत्रक म्हणून आजोबा आणि आजी. पहिलं बटण, दुसरं बटण, काम खतम. मजकूर वाचायची त्याला सवयच नव्हती, अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी नुसती नक्षी. तिकडे मुलीच्या काकाने मोबाइलवर गणपती पाहिला, रंग पाहिला आणि अंगठा पाठवून दिला. पत्रिका मागच्या खोलीत छापल्या, तिथेच पाकिटांत भरल्या आणि धूलकोटला रवाना झाल्या.

दोन-चार दिवसांनी माझ्या काउंटरवर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, तब्येत ठणठणीत. पत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "पोरी, मी जिवंत हाये का मेलो, ते पहिले सांग."

मी पत्रिका उघडून पाहिली. त्याच्या नावाआधी 'कै.' आणि खाली बायकोच्या नावाआधी 'गं. भा.'. निमंत्रकच कैलासवासी!

आमचा आर्टिस्ट आतून आला, पाहिलं आणि म्हणाला, "अरे, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे."

"तो कोन? बोलाव त्याला इकडं," म्हातारा म्हणाला.

शेठ हात जोडून उभे. सगळ्या पत्रिका नव्या छापून देतो म्हणाले. म्हातारा खुर्चीत बसला, पाणी प्यायला. "माह्या नावाचं काही नाही, शेठ. मी जानारच आज ना उद्या. पन नातीनं वाचून दाखवलं तवापासून माही म्हातारी रडून राहिली. म्हणते, मी मांडवात येनार नाही, सगळे माह्या कपाळाकडं पाहतील. नव्या पत्रिका नको म्हणते. ज्यानं लिहिलं त्याला आना म्हणते."

शेठनी त्याला पाठवलं आणि बाईमाणूस बरोबर असावं म्हणून मला. म्हाताऱ्याच्याच जीपमधून निघालो. रस्ताभर केळीचे मळे आणि हा माझ्या कानाशी: "ताई, लाइटचं शेठला नका सांगू ना." एवढं होऊनही ह्याला स्वतःचीच पडलेली! मी तोंड फिरवून बसले.

आजी ओट्यावर बसली होती. कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत बांगड्या, मुद्दाम भरल्यासारख्या. डोळे सुजलेले.

"तूच का रे तो?"

"चुकलं, आजी." पायावर डोकं ठेवलं त्याने. "लगेच नवीन करून देतो. एक—" आणि तोंड मिटलं. पुढचा शब्द गिळताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

आजीने वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांचा गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवला. नातीकडून पेन मागवलं. मग आत जाऊन पितळेचा एक तांब्या घेऊन आली. लग्नात मिळालेला, काठाखाली नाव कोरलेला. नावाच्या आधी 'सौ.'.

"मला वाचता येत नाही. पन हे येवढं वळखते. माह्या सगळ्या भांड्यांवर हाये. ते वंगाळ खोड आन् हे लिही. अस्संच."

"इतक्या सगळ्या? हाताने?"

"मंग कशानं?"

बसला. मांडी घालून, पुढ्यात तांब्या. एका पत्रिकेवर 'कै.' खोडून 'श्री.', 'गं. भा.' खोडून 'सौ.'. मग दुसरी. अक्षर काय सांगू तुम्हाला, पहिलीतलं पोर बरं काढेल. लिहिताना जीभ बाहेर यायची. आजी एकेक पत्रिका तांब्याशेजारी धरून बघायची आणि पसंत नाही पडली की परत द्यायची. त्याने ती मुकाट पुन्हा गिरवायची.

"ताई, बोटं दुखून राहिली," तो हळूच म्हणाला.

"दुखू देत," मी म्हटलं.

उन्हं उतरली तशी आजीने आपणहून भरीत-भाकरी आणली. "खा आधी. तुही माय काय म्हनंल मला," म्हणाली. घास हातात घेतला आणि तो रडायलाच लागला. त्याचं नाक, त्याचे डोळे, समोर भरीत. अवतार बघण्यासारखा होता. मला किंचित दया आली. किंचितच.

लग्नाच्या दिवशी आजी मांडवात गेली. पुढच्या रांगेत बसली होती म्हणे, आणि हाताने लिहिलेली पत्रिका आल्यागेल्याला दाखवत होती.

मी शेठना काही सांगितलं नाही. धूलकोटहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानेच जाऊन दिव्यांचं सगळं सांगून टाकलं, कशासाठी ते देव जाणे. मला माझी खुर्ची परत मिळाली. माझ्या सहीशिवाय कागद मशीनवर चढायचा नाही, असं ठरलं. दिवे पुन्हा लागले. आणि हा प्रत्येक कागद घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायला लागला. "ताई, वाचा." वाचून होईपर्यंत हलायचा नाही. ह्याचाही वैताग यायचा.

मग एक दिवस इंदूरला गेला. तिकडे गेम बनवणारी कुठली कंपनी आहे, तिथे चित्रं काढतो म्हणे. जातानाही की-बोर्डवर हात फिरवत मला शिकवत होता, कुठलं बटण कशाचं. जसं काही मला माहीतच नव्हतं! त्याच्या जागी आलेला मुलगा कामाचा आहे, गप्प असतो. माझं मन लागत नाही त्या शांततेत, हा भाग वेगळा.

परवा धूलकोटहून तो अंगठा पाठवणारा काका आला. डोकं भादरलेलं. बाबा गेले म्हणाला, झोपेतच. शोकपत्राचा मजकूर पुढे केला आणि चाचरत म्हणाला, "आईनं सांगितलंय, त्या बटनवाल्या पोराकडूनच लिहून आना. म्हणे, त्याला ठावं हाये."

तो इथे नाही, म्हटलं. काकाने फोन लावून माझ्या हातात दिला.

"नाही का तो?" आजीने दोनदा विचारलं. "मंग त्याच्या मशीनवर तू लिही, माय."

मी त्याच्या खुर्चीवर बसले. कोपऱ्यातलं बटण दाबून पांढरा दिवा लावला. पहिलं बटण दाबलं, 'कै.' आलं. दुसरं दाबलं, 'गं. भा.' आलं. बाकीचं हाताने टाइप केलं. कागद काढला आणि माझ्या जागेवर येऊन वाचला. मग परत वाचला, वरपासून, एकेका अक्षराखाली पेन्सिल धरून, चूक शोधत.

शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "काय ताई, चूक आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "या वेळी नाही."