हनुवटीवरची चमक

फोटोतल्या चेहऱ्यावरची चमक घालवण्यात नाशिक रोडला माझा हात कुणी धरणार नाही, असं मी त्या शनिवारपर्यंत स्वतःच सांगत फिरायचे. नवरा लग्नांचे फोटो काढतो, मी स्टुडिओत बसून चेहरे साफ करते. घामानं, तेलानं, फ्लॅशनं कपाळं चकाकत असतात. नवरदेवाचं नाक तर हमखास. काम अवघड नाही, सबुरीचं आहे. चमकेच्या शेजारच्या त्वचेचा रंग उचलायचा, ब्रश ‘डार्कन’वर ठेवायचा, जोर वीस टक्क्यांच्या पुढे न्यायचा नाही आणि हलक्या हातानं फिरवत राहायचं. मग ब्रश फक्त उजळ भागाला लागतो, सावळ्याला शिवत नाही. जोर वाढवला की माणूस मेणाचा दिसायला लागतो. शहरातले निम्मे स्टुडिओ मेणाची माणसं करून देतात, हे माझं आवडतं वाक्य होतं.

गुरुवारी निफाडकडच्या एक बाई आल्या. आमच्या ओळखीच्या, लग्नं जुळवणाऱ्या मध्यस्थ बाईंनी त्यांना पाठवलं होतं. मुलीच्या बायोडाटाला फोटो हवा होता. रविवारी येवल्याचे पाहुणे मुलगी बघायला येणार होते आणि त्याआधी त्यांना फोटो पाठवायचा होता. त्यांनी मोबाइल पुढे केला.

“मुलीलाच घेऊन या ना,” मी म्हटलं, “चांगला काढून देते.”

“तिला सुट्टी नाय, ताई. ह्योच नीट करा. लय चमक आलीय तोंडावर, तेवढी काढा.”

घरातल्या घरात फ्लॅश मारून काढलेला फोटो. कपाळ चकाकत होतं, नाक चकाकत होतं आणि हनुवटीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत सगळं पांढरं.

मला काहीच कळलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चमकेला काठ नसतो, ती विरत जाते. हनुवटीवरच्या पांढऱ्याला काठ होता. ब्रश तिथं पोचला तेव्हा मला ते खटकलंही. पण बाई चमक म्हणाल्या होत्या आणि मी पुढं विचारलं नाही. अवघड फोटो हाती लागला की मला चेव येतो, दुसरं काही सुचत नाही. तासाभरात हनुवटी कपाळासारखीच गव्हाळ झाली. बाईंनी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक आहे.

यापुढे केला तो शुद्ध गाढवपणा. काम मनासारखं झालं की मी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून मोबाइलवर स्टेटस ठेवते. त्यातूनच गिऱ्हाईक येतं. डोळ्यांवर काळी पट्टी टाकते, म्हणजे ओळख पटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तशीच पट्टी टाकली आणि खाली लिहिलं, ‘चमक घालवा, चेहरा खुलवा.’

शनिवारी अकराच्या सुमारास बाईंचा फोन आला.

“ताई, ते काढा. आधी ते काढा.”

आवाज इतका कापत होता की मला वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. त्यांच्या दिराला कुणीतरी माझं स्टेटस दाखवलं होतं आणि त्यानं चार माणसांत विचारलं होतं, ही आपलीच पोरगी ना?

“अहो, पण डोळे झाकलेत मी,” मी म्हटलं.

“डोळ्यानं कोन वळखतंय तिला?” बाई ओरडल्याच. “समदं गाव तिला हनुवटीवरनं वळखतं!”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कोड. पोरीच्या अंगावर कोड होतं, आणि घरात तो शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. सहा वर्षं ते त्याला चमकच म्हणत आले होते. मी डोळे तेवढे झाकले होते आणि नेमकी ओळख उघडी ठेवली होती. ती झाकून कशी खोटी केली, हेही शेजारी लावून दाखवलं होतं.

काढून टाकण्याआधी कुणीकुणी बघितलं ती यादी मी उघडली. शंभरावर माणसं. वरून खाली सरकवत गेले. मध्यस्थ बाईंनी आदल्या संध्याकाळीच बघितलं होतं. येवल्याचं स्थळ त्यांनीच आणलेलं. मी स्टेटस काढून टाकलं आणि त्यांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा बिझी लागला. येवल्याच्याच लोकांशी बोलत असतील, असं मला वाटलं. एका पोरीचं स्थळ माझ्या मिरवण्यापायी मोडणार होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

दुपारी एकच्या पुढे ती मुलगी स्वतःच आली. सातपूरला कुठल्याशा कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, गळ्यात कार्ड तसंच होतं. चेहऱ्याला काही लावलेलं नव्हतं. ओळख विचारायची वेळ तिनं माझ्यावर आणली नाही.

“मध्यस्थ बाईंनी बघितलं का?” तिनं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. “हो,” मी म्हटलं.

तिनं पर्स बाजूला ठेवली आणि पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली. “माझा फोटो काढा. असाच.”

“आईला एकदा विचारून...”

“आईला विचारून विचारूनच इथवर आलोय, मॅडम.”

मी लाइट लावायला घेतले. स्टँडचा स्क्रू दोनदा हातातून सुटला. शहाणपणा मात्र जात नव्हता. “डावीकडून लाइट सौम्य ठेवते,” मी म्हटलं, “म्हणजे तिथली चमक...”

“कोड,” ती म्हणाली. “म्हणा ना एकदा. काही होत नाही.”

मी म्हटलं.

फोटो काढला, संगणकावर उघडला. ती माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. माझ्या लाइटमुळे तिच्या कपाळावर खरोखरच चमक आली होती. तिला हात लावावा की नाही, मला ठरवता येईना.

“कपाळावरचं काढा,” ती म्हणाली. “ते तुमच्या लाइटचं आहे. खालचं माझं आहे.”

इतक्या वर्षांत ब्रश धरायची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटली. मी तो बारीक केला, जोर दहावर आणला आणि भुवयांच्या खाली उतरले नाही.

तिनं फोटो स्वतःच्या मोबाइलवर घेतला. मुलाच्या बायोडाटावरून त्याच्या वडिलांचा नंबर तिनं घेतलेला होता. तिनं मला वाचून दाखवलं: ‘हा माझा खरा फोटो. मला कोड आहे. आधीच्या फोटोत ते पुसलेलं होतं. बघून उद्याचं ठरवा.’ आणि पाठवून दिला.

आम्ही दोघी काउंटरवरच्या त्या मोबाइलकडे बघत बसलो. दोन खुणा आल्या. थोड्या वेळानं त्या निळ्या झाल्या. माझा फोन वाजायला लागला, तिच्या आईचा. “नका उचलू,” ती म्हणाली. वाजून वाजून थांबला. समोरचे टाइप करतायत असं दिसायचं, मग दिसेनासं व्हायचं. दोन-तीनदा तसं झालं. शेवटी एकच शब्द आला: ‘कळवतो.’

स्थळांच्या भाषेत ‘कळवतो’ म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला रडू आवरेना. “माझं चुकलं गं,” मी म्हटलं.

“चुकलंच,” ती म्हणाली. समजूत काढण्यातली ती नव्हती. तिनं मोबाइल पालथा घातला. “दिवाळीच्या आधी एक स्थळ आलं होतं. आईनं पार्लरवाली बोलावली, थर लावून मला बसवलं. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाची आत्या म्हणाली, पोरी, जरा तोंड धुऊन ये.”

“मग?”

“मग काय, धुतलं. सगळे आत येऊन बघत होते. आई शेजारी टॉवेल धरून उभी होती.”

माझा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिनंच तो उचलला. “आई, उद्या पोहे करू नकोस,” ती म्हणाली, आणि मग बराच वेळ पलीकडचं रडणं ऐकत उभी राहिली.