तळव्यांची तोंडी परीक्षा

दारावर टकटक झाली तेव्हा टेलर मास्तर ओठांत टाचण्या धरून एका वकिलाच्या कोटाशी झटत होते आणि त्यांचा चहा शेजारी निवत होता.

"अहो, चहाला इस्त्री करून देऊ का?" असं म्हणत बायकोने दार उघडलं. "या सिस्टर! बघा हो, दवाखान्यातून आल्यात."

टाचण्या गिळल्या नाहीत, एवढंच मास्तरांचं नशीब.

साखर बारा वर्षं अंगात मुक्काम ठोकून होती. पाय तपासायची तारीख मास्तरांनी तीनदा चुकवली, म्हणून आज सिस्टरच पिशवी घेऊन घरी आली होती. मास्तरांना धास्ती एकच: पाय बधिर झालेत हे हिला कळलं, की मशीनवरून कायमचं उठवणार. मशीन पायाने चालवायचं, आणि तेही अनवाणी. चप्पल घालून शिवणारा टेलर म्हणजे हातमोजे घालून तबला वाजवणारा, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. प्रत्यक्षात दोन वर्षांपासून त्यांना पायाखालची मशीनची पट्टी जाणवतच नव्हती. वेग कळायचा तो मशीनच्या आवाजावरून.

सिस्टर बुटक्या स्टुलावर बसली. तिने काडीच्या टोकाला बसवलेला नायलॉनचा दोरा काढला. "डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की 'हो' म्हणायचं."

"कितीचा दोरा हा?"

"तुम्हाला विकत घ्यायचा नाहीये," बायको म्हणाली. "मिटा डोळे."

मास्तरांनी डोळे मिटले. पायाला काही म्हणजे काही कळेना. पण सिस्टर पुढे वाकली की स्टूल करकरायचं. कान तर अजून शाबूत होते.

कर्र.

"हो."

कर्र.

"हो!"

नऊ झाले, नऊच्या नऊ बरोबर. मास्तर मनातल्या मनात मिशीला पीळ देऊ लागले. पुन्हा कर्र.

"हो, अगदी स्पष्ट!"

"दोरा पिशवीत गेला, मास्तर."

बायको पदर तोंडावर धरून हसली. "स्टूल पहिल्या नंबराने पास, सिस्टर!"

सिस्टरने आता दुसरा, डावा पाय उचलून तळवा उजेडाकडे वळवला. टाचेत पिवळ्या मुंडीची टाचणी पार मुंडीपर्यंत रुतली होती. कालपासून हीच टाचणी सापडेना म्हणून मास्तरांनी बायकोचा यथेच्छ उद्धार केला होता.

बायकोचं हसू तिथेच विरलं. सिस्टरने टाचणी उपसली, जखम धुतली, पट्टी बांधली. पाय शेजाऱ्याचा असावा तसे मास्तर बघत राहिले.

"आत्ताच डॉक्टरांना दाखवा. जखम भरली की खुशाल शिवा, पण बूट घालून. आणि तळवे रोज बघायचे. पायाला कळत नाही, तर डोळ्यांना कळू दे."

म्हणजे मशीन सुटणार नव्हतं! सिस्टर गेल्यावर मास्तरांनी लगेच उजवा तळवा बघायचा प्रयत्न केला. पाय गुडघ्यापर्यंत आला, पुढे पोट आडवं आलं. बायको दाराशी रिक्षा बघत उभी होती. सुईत दोरा ओवायलासुद्धा मास्तरांनी तिला कधी हाक मारली नव्हती.

"अगं," ते म्हणाले, "रोज सकाळी माझे तळवे तेवढे बघत जाशील?"